लेखक वर्गात गेल्यावर : सतीश आळेकरांच्या कार्याचा एक विचार

१

मराठी नाटककार आणि शाळा-महाविद्यालयाचा वर्ग यांचा संबंध जुना आहे. आचार्य अत्रे हे पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्या पदावर असतानाच त्यांनी नाटके लिहिली आणि पुढे ते चित्रपटसृष्टीत शिरले. त्यांच्या ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे सर्वश्रुत आहे. पु. ल. देशपांडे यांनी शाळेत शिकविले, चित्रपटांसाठी कथा, संवाद आणि संगीत अशी सर्व अंगांची कामे केली, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात व मुंबईच्या कीर्ति महाविद्यालयात अध्यापन केले आणि अखेर नभोवाणी व रंगभूमी यांचा मार्ग धरला. वसंत कानेटकर नाशिकच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असतानाच नाटककार म्हणून कीर्तीला चढले.

ही उदाहरणे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु ती सांगताना आपल्या मनात एक उतरंड नकळत रचलेली असते. तिच्या तळाशी वर्ग असतो, त्यावर रंगभूमी आणि सर्वांत वर चित्रपट. लेखक वर्गातून बाहेर पडला म्हणजे त्याचे भाग्य उजळले, असे आपण मानतो. याच्या उलट प्रवास कोणी केला तर आपण थोडे गोंधळतो. नाटके लिहून झालेला, चित्रपट आणि दूरदर्शन या माध्यमांशी परिचय असलेला लेखक पन्नाशीच्या उंबरठ्यावर विद्यापीठात शिकवावयास जातो, तेव्हा ‘आता याचे लेखन संपले’ हा शेरा ठरलेला असतो. कोणी तो आदराने मारतो, कोणी कुत्सितपणे. पण दोहोंचा अर्थ एकच.

सतीश आळेकर यांनी असा उलट प्रवास केला. त्यांच्या कार्याच्या आधारे या शेऱ्याची पारख करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ज्यांचा सारा जन्म वर्गात गेला किंवा जावयाचा आहे, अशा आपणां शिक्षकांना हा प्रश्न परका नाही.

२

आळेकरांचा जन्म १९४९ सालचा. त्यांची वाढ पुण्यात झाली. शिक्षणाने ते जीवरसायनशास्त्रज्ञ. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी १९९६ पर्यंत नोकरी केली. डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे त्यांचे रंगभूमीवरील सहकारीही त्याच महाविद्यालयाशी संबंधित होते. ‘घाशीराम कोतवाल’च्या वादानंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी १९७३ साली ‘थिएटर अॅकॅडमी’ स्थापन केली. तिच्या उभारणीत आणि पुढच्या कारभारात आळेकर अग्रभागी होते.

या तपशिलातून एक गोष्ट स्पष्ट होते. आळेकर हे लेखणीवर पोट भरणारे लेखक नव्हते. नोकरी एका ठिकाणी आणि नाटक दुसऱ्या ठिकाणी, अशा दुहेरी संसाराची त्यांना सवय होती. त्यामुळे चित्रपट आणि दूरदर्शन यांसाठी त्यांनी केलेले काम थोडे आहे. परंतु ते आपखुशीचे आहे आणि म्हणूनच विचारात घेण्याजोगे आहे.

‘जैत रे जैत’ (१९७७) हा चित्रपट गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आधारलेला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. आणि त्याच्या चित्रपटलेखनात आळेकरांचा वाटा होता. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. पुण्याच्या पेठांतील मध्यमवर्गीयांचे बोलणे ज्याच्या कानात घर करून बसले आहे, अशा लेखकाला येथे ठाकरांच्या जगात जावे लागले. डोंगर, मधमाश्या, ढोल आणि देव यांच्या त्या जगात पेठेतील वाक्चातुर्याचा काडीइतका उपयोग नव्हता. पुढे १९८५ च्या सुमारास त्यांनी दूरदर्शनसाठी ‘देखो मगर प्यार से’ ही तेरा भागांची हिंदी मालिका केली. तेथे भाषाच बदलली. त्यानंतर दहा वर्षांनी अरुण खोपकर दिग्दर्शित ‘कथा दोन गणपतरावांची’ या चित्रपटाचे संवाद त्यांनी लिहिले. मूळ कथा गोगोलची. क्षुल्लक कारणावरून हाडवैरी बनलेल्या दोन शेजाऱ्यांची ती रशियन गोष्ट मराठी गावात आणून बसवावयाची होती.

या तिन्ही कामांत एक समान सूत्र आहे. तिन्हींत लेखकाला स्वतःच्या घरच्या बोलीबाहेर पडावे लागले. एकदा आदिवासींच्या जीवनात, एकदा हिंदीत, एकदा गोगोलच्या रशियात. शिवाय चित्रपटात लेखकाचा शब्द अंतिम नसतो. दिग्दर्शक, छायालेखक, संकलक आणि नट यांच्या हातांतून जाताना तो झिजतो, वाकतो, कधी पार नाहीसाही होतो. अहंकारी लेखकाला ही विटंबना वाटते. परंतु ज्याला ती सहन होते, त्याला एक गोष्ट उमगते. ती अशी की, आपले लेखन दुसऱ्याच्या मुखात जाऊन त्याचे व्हावे लागते. वर्गात जाण्यापूर्वीची याहून चांगली तयारी कोणती असू शकेल?

३

अर्थात आळेकरांचे खरे स्थान नाटककाराचे आहे आणि त्यांच्या अध्यापनाचे मर्म नाटकांतूनच शोधले पाहिजे. ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकात चाळीतील भाऊराव मरण पावतो आणि स्वतःच्याच मरणाचे कीर्तन लावतो. जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे, असा त्याचा हट्ट असतो. आणि त्या हट्टापायी मुलाची, पत्नीची व चाळकऱ्यांची जी धांदल उडते, तिच्यातून समाजाचा सारा दांभिकपणा उघडा पडतो. कीर्तनाचा साचा येथे थट्टेसाठी वापरला आहे, असे वरवर वाटते. पण पूर्वरंग-उत्तररंगाची शिस्त, अभंगाची चाल, कीर्तनकाराचा श्रोत्यांशी असलेला सलगीचा स्वर ही सर्व अंगे ज्याने लहानपणापासून कानांत साठविली नाहीत, त्याला हे नाटक लिहिता आले नसते. परंपरेची चेष्टा करावयासही परंपरेचे ज्ञान लागते.

‘बेगम बर्वे’ (१९७९) आपणां गोमंतकीयांच्या अधिक जवळचे वाटावे. संगीत नाटक मंडळीत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकून जगणारा एक वृद्ध नट हा त्याचा नायक. श्यामराव नावाचा माणूस त्याला राबवून घेतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून त्याच्या स्वप्नात गुंततात. नाट्यपदांच्या सुरांवर ते स्वप्न तरंगते आणि शेवटी वास्तवाच्या खडकावर फुटते. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची ‘बलवंत संगीत मंडळी’ १९१८ साली उभी राहिली, त्या काळापासून संगीत नाटक हा आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. परंतु त्या वैभवाच्या पडद्याआड ज्यांची नावे कोणी लक्षात ठेवली नाहीत, त्या दुय्यम नटांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. आळेकरांनी तो विचारला, आणि त्या नटाची कीव न करता विचारला, हा त्यांचा मोठेपणा.

येथे एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. आळेकरांच्या नाटकांचा विनोद पुणेरी मध्यमवर्गाच्या बोलण्याच्या लकबींवर फार अवलंबून आहे. त्या लकबी ज्याच्या ओळखीच्या नाहीत, त्या प्रेक्षकाला नाटकाचा बराचसा भाग दुरूनच ऐकू येतो. डिचोली-पेडण्याच्या देवळापुढील रंगमंचावर ‘महानिर्वाण’ उभे करावयाचे ठरविले तर कीर्तन आपल्या प्रेक्षकाला लगेच कळेल, पण चाळ कळणार नाही. ही मर्यादा दोष नव्हे. अस्सल बोलीची ती किंमत आहे. पण जो लेखक शिक्षक होऊ पाहतो, त्याला तिचे भान असावेच लागते. स्वतःची बोली शिष्याच्या गळ्यात बांधणारा शिक्षक शिष्य घडवीत नाही, नकला घडवितो.

४

१९९६ साली आळेकर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले आणि जानेवारी २००९ पर्यंत त्या पदावर राहिले. नाट्य, संगीत आणि नृत्य या तिन्ही कलांचे शिक्षण देणारी ही संस्था आपल्या नावापुढे ‘गुरुकुल’ हा शब्द लावते. या वर्षांत त्यांचे लेखन मंदावले काय? मंदावले. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी वर्षांचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

‘मिकी आणि मेमसाहेब’, ‘महानिर्वाण’, ‘महापूर’ आणि ‘बेगम बर्वे’ ही चार नाटके १९७३ ते १९७९ या सहासात वर्षांतील. ‘शनिवार रविवार’ (१९८२), ‘दुसरा सामना’ (१९८७) आणि ‘अतिरेकी’ (१९९०) ही तीन त्यानंतरच्या अकरा वर्षांतील. पुढचे ‘पिढीजात’ २००३ चे आणि ‘एक दिवस मठाकडे’ २०१२ चे. म्हणजे नाटकांमधील अंतर वाढू लागले ते ऐंशीच्या दशकात, विद्यापीठात पाऊल ठेवण्यापूर्वी बरीच वर्षे. ‘अतिरेकी’नंतर नेमणुकीपर्यंतची सहा वर्षे अशीच, नव्या मोठ्या नाटकाविना गेली. उलट ‘पिढीजात’ हे नाटक ते केंद्राचे प्रमुख असतानाच आले. तेव्हा अध्यापनाने लेखन गिळले, हे विधान हिशेबाला टिकत नाही.

मग ऐंशीच्या दशकात ती शक्ती कोठे गेली? याचे उत्तर थिएटर अॅकॅडमीच्या कामात आहे. १९८५ ते १९९४ या काळात या संस्थेने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककारांच्या विकासाची योजना चालविली आणि तिच्याबरोबरच पुण्या-मुंबईबाहेरील नाट्यसंस्थांना बळ देण्याचीही. नव्या लेखकांनी संहिता आणावी, ती मोठ्याने वाचावी, जाणकारांनी आणि समवयस्कांनी तिच्यावर बोलावे, लेखकाने ती पुन्हा लिहावी, अशा कार्यशाळांच्या मागे आळेकर उभे होते. याचा अर्थ असा की, विद्यापीठाने त्यांना शिक्षक केले नाही. शिक्षक ते आधीच झाले होते. विद्यापीठाने त्यांना वर्ग दिला.

येथे काही गमावले गेले हे मात्र मान्य केले पाहिजे. ‘बेगम बर्वे’चा कर्ता पुढील तीस वर्षांत त्या तोडीची आणखी चार नाटके लिहू शकला असता, असे मानणारा रसिक चुकतो असे मी म्हणणार नाही. कार्यशाळा, अभ्यासक्रम, परीक्षा, अनुदाने यांत गेलेले दिवस परत येत नाहीत. शिक्षकी पेशाची आपण केवळ स्तुती गाऊ लागलो तर ती किंमत झाकली जाते. प्रश्न एवढाच की, त्या किमतीत मिळाले काय?

५

या प्रश्नाचा विचार करताना कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’ची आठवण होते. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद पहिल्या अंकात उभा राहतो. तेव्हा परिव्राजिका असा निर्णय देते की, काहींची कला त्यांच्यापुरतीच उत्तम असते, काहींना ती दुसऱ्यात उतरविण्याची हातोटी विशेष असते. ज्याच्या ठायी दोन्ही आहेत, तोच शिक्षकांच्या अग्रस्थानी बसविण्यास योग्य. पुढे आचार्यांची परीक्षा त्यांना स्वतःला नाचावयास लावून होत नाही. शिष्येचा प्रयोग पाहून होते.

आपल्याकडे कलाशिक्षणाविषयी जो संशय आहे, त्याचे मूळ प्रतिभा उपजत असते या समजुतीत आहे. परंतु काव्यप्रकाशकार मम्मटाने काव्याचे कारण सांगताना शक्ती आणि निपुणता यांच्या जोडीला काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणीखाली केलेला अभ्यासही गणला आहे. आणि ही तीन निरनिराळी कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होते, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे शिकणे हे प्रतिभेच्या विरुद्ध नाही. ते प्रतिभेचा तिसरा पाय आहे. नाटक आणि चित्रपट यांच्या बाबतीत हे अधिकच खरे. कवी एकांतात अभ्यास करू शकतो. पण संवाद लिहिणाऱ्याला त्याचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावाचून ते कोठे अडखळते हे कळत नाही. त्यासाठी तोंडे लागतात, जागा लागते आणि चुका करण्याची मुभा लागते. हे सर्व एकत्र जेथे मिळते, त्याचेच नाव वर्ग.

आळेकरांच्या अध्यापनाचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. २००५ साली अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या नाट्य व चित्रपट विभागाने त्यांना बोलाविले आणि ‘बेगम बर्वे’चा इंग्रजी प्रयोग त्यांनी तेथे बसविला. या नाटकाचा इंग्रजी अनुवाद शांता गोखले यांनी केलेला आहे. नाट्यपद ज्यांनी कधी ऐकले नाही, स्त्रीपार्टी नट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, अशा देशात बर्व्यांना उभे करावयाचे, हे धाडसच म्हटले पाहिजे. नाटककाराने आपल्या कलाकृतीवरची मालकी सोडल्याखेरीज हे साधत नाही. ज्याने ‘जैत रे जैत’साठी पेठ सोडली, त्यालाच बर्व्यांना अटलांटिकपार नेणे जमले, असे म्हणावयास हरकत नाही.

निवृत्तीनंतरही हा माणूस थांबला नाही. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली त्यांनी ‘लोकसत्ते’त ‘गगनिका’ हे सदर लिहिले आणि पुढे त्याचे पुस्तक झाले. ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) व ‘चि. व चि. सौ. कां.’ (२०१७) या चित्रपटांत नव्या पिढीच्या दिग्दर्शकांच्या हाताखाली ते नट म्हणून वावरले. आधी लेखक, मग आचार्य आणि साठी उलटल्यावर पुन्हा कोणाचा तरी आज्ञाधारक नट! उतरंड मानणाऱ्याला हा प्रवास खाली उतरणारा वाटेल. ज्याने नाट्यकलेला समूहाची कला मानले, त्याला मात्र यात कोठेही पायरी दिसणार नाही.

६

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. गोमंतकात, विशेषतः डिचोली व पेडणे या भागांत, नाटक ही गावाची चीज आहे. मुळगावच्या केळबाईच्या देवळापासून पेडण्याच्या दशावतारापर्यंत जत्रा आणि रंगमंच यांचे नाते तुटलेले नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा गावोगावच्या मंडळींना वर्षभर कामाला लावतात. या साऱ्या खटपटीच्या मध्यभागी बहुधा एखादा शिक्षक असतो. तोच संहिता निवडतो, तोच तालमी घेतो, वेळ आली तर तोच लिहितो. शिवाय राज्यातील काही माध्यमिक शाळांत नाट्यकला हा विषयही शिकविला जातो. म्हणजे लेखक-शिक्षक ही जी गोष्ट पुण्यात विशेष म्हणून सांगावी लागते, ती आपल्याकडे नित्याची आहे.

तथापि या नित्याच्या गोष्टीत एक उणीव आहे आणि आळेकरांच्या उदाहरणाने ती उठून दिसते. आपल्या गावातील मुले घरी कोकणी बोलतात, देवळापुढे मराठी आरत्या म्हणतात, शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकतात. त्यांच्या मराठीला एक वेगळा हेल आहे, वेगळी लय आहे. परंतु रंगमंचावर चढताच ती पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसल्यासारखी बोलू लागतात. कारण आपण त्यांच्या हाती तेथल्याच संहिता देतो आणि उच्चारही तेथलेच घोटून घेतो. स्पर्धेत गुण मिळतात, पडदा पडतो. पण त्या मुलाला स्वतःच्या आवाजात एक वाक्यसुद्धा लिहिता आलेले नसते. खाणींनी उकरलेले डोंगर, बदललेली शेते, परदेशी गेलेली भावंडे, जत्रेतला मानापमान ही सारी सामग्री त्याच्या अंगणात पडून आहे. ती त्याला दिसत नाही, कारण ती नाटकाची सामग्री आहे असे त्याला कोणी सांगितलेले नाही.

आळेकरांनी जे केले त्याचा मथितार्थ माझ्या मते असा : ज्या बोलीत आपण वाढलो, तिला इतके बारकाईने ऐकावे की तिच्यातून ‘महानिर्वाण’ निघावे, आणि मग आपला कान इतका मोकळा ठेवावा की दुसऱ्याला त्याची बोली ऐकावयास शिकविता यावे. त्यांची नाटके आपल्या मुलांकडून करून घेणे ठीकच आहे. पण त्यांच्याकडून खरे घ्यावयाचे ते त्यांच्या पुणेरी लकबी नव्हेत, त्यांची ही रीत.

याकरिता फार मोठी साधने लागत नाहीत. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर होणाऱ्या घोकंपट्टीऐवजी आठवड्याला एक तास मुलांनी स्वतः लिहिलेले चार संवाद मोठ्याने वाचावेत आणि बाकीच्यांनी ते खरे वाटतात की नाही एवढेच सांगावे. आपल्या संस्थांनी वर्षाकाठी दहा नव्या लेखकांना आठ दिवस एकत्र बसवावे आणि बक्षीस लावू नये. जो शिक्षक नाटक लिहितो, त्याच्या लेखनाला शाळेने फावल्या वेळचा छंद न समजता अध्यापनाचाच भाग समजावे. कारण जो स्वतः वाक्याशी झगडलेला नाही, त्याला मुलाचे वाक्य कोठे अडले हे दिसत नाही.

चित्रपट आणि दूरदर्शन यांच्या मालिकांनी आज घरोघरी संवादांचा पूर आणला आहे. त्या पुरात आपल्या मुलांना उद्या नोकरीही मिळेल. पटकथा लिहिणारे, संवाद लिहिणारे त्यांच्यातून निघतील. ते तेथे कोणाची भाषा घेऊन जातील, हे मात्र आजच्या वर्गात ठरावयाचे आहे. लेखक वर्गात गेला म्हणजे संपला, असे म्हणणाऱ्यांना आळेकरांच्या कार्याने उत्तर दिले आहे. आपल्या वर्गांतून लेखक बाहेर पडतो की नाही, याचे उत्तर आपण शिक्षकांनी द्यावयाचे आहे.